‘करता येतं’ आणि ‘करतो’

कोल्हापूर

बाळा,

तुझं पत्र आणि सोबतचे, लकव्याच्या एकाच पेशंटचे दोन फॉर्म मिळाले. रोजची दहा कामं माणूस कितपत स्वतः करतो याचे 100 पैकी गुण म्हणजे बार्थेल; तो वॉर्डातून घरी जाताना 85, आणि तीन महिन्यांनी गावी जाऊन भरलेला 70. ‘माझंच मोजायचं चुकलं असणार, हा पेशंट अभ्यासातून काढून टाकू का?’ असं विचारतेस. अजिबात काढायचा नाही. तुझ्या गठ्ठ्यातला सगळ्यात कामाचा फॉर्म हाच आहे.

बेरीज बाजूला ठेव, ओळी बघ. चालणं 10 वरून 15 झालंय. म्हणजे काठी टेकत का होईना, सपाटीवर 50 यार्ड, आपले साधारण 45 मीटर, कुणी सोबत नसताना. जेवण मात्र 10 चं 5, अंघोळ 5 ची 0, कपडे 5 चे 0, संडास 10 चं 5. पाच वाढले, वीस गेले. हा माणूस संध्याकाळी पारापर्यंत एकटा जातो आणि सकाळी त्याची अंघोळ दुसरंच कुणीतरी घालतं. पुन्हा वारं गेलं का, हात आखडलाय का, खांदा दुखतो का, हे विचारून घे. पण चालणं सुधारलेलं बघता माझा संशय दुसरीकडे आहे.

वॉर्डात तू म्हणालीस, ‘काका, शर्ट घालून दाखवा.’ काकांनी जमेल तेवढा घातला, तू गुण दिलेस. घरी काकूंना विचारलंस, ‘कपडे कोण घालतं?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात ‘करता येतं’ मोजलं गेलं, दुसऱ्यात ‘करतो’. महोनी आणि बार्थेल यांचं हे माप 1965 साली छापलं गेलं, आणि ते भरण्याची पुढे जी रीत ठरली तिचा पहिलाच नियम हा आहे: पेशंट काय करतो ते लिहा, काय करू शकेल ते नको. मागच्या 24 ते 48 तासांत खरोखर काय झालं ते. शौचावरच्या ताब्यासाठी मागचा आठवडा धरायचा. हे फॉर्मच्या माथ्यावर हाताने लिहून ठेव. मी सांगते म्हणून नको, पण लिही.

तेव्हा तुझा 70 खरा आहे. शंका 85 वर घ्यायची.

आता प्रश्न कसे विचारायचे ते. ‘जेवतात का?’ असं विचारलंस की आपल्याकडे उत्तर ठरलेलं, ‘जेवत्यात की!’ त्याचा काही उपयोग नाही. ‘काल रात्री काय जेवण होतं? भाकरी कुणी कुस्करली?’ असं विचार. ताट दुसऱ्याने वाढलं तरी 10 देता येतात, पण भाकरी आमटीत कुस्करून पुढे ठेवली तर 5. तुझ्या पेशंटचा उजवा हात गेलाय. डाव्या हाताने चमचा धरायला तू वॉर्डात शिकवलंस, तिथे त्यांनी धरलाही. घरी, पंगतीला, चार माणसांत डाव्या हाताने भाकरी मोडायची लाज वाटते, म्हणून काकू कुस्करून देतात. येतं, पण करत नाहीत. डावी बाजू गेलेल्याचं उलट: जेवण सुरळीत आणि संडासात अडतं, कारण धुवायचा हात गेलेला. टमरेल कुठल्या हातात धरतात, नळ कुठल्या बाजूला आहे, उकिडवं बसल्यावर उठताना कशाला धरतात, हे डोळ्यांनी बघ. संडासाच्या 10 गुणांत बसणं, उठणं, कपडे सावरणं आणि धुणं सगळं येतं.

अंघोळीला दोनच खाने, 0 किंवा 5. कुणी जवळ उभं न राहता सगळ्या पायऱ्या स्वतः केल्या तरच 5. ‘मी नुसती दाराशी उभी असते’ म्हणजे 0. देखरेख ही मदतच. बंबातून पाणी काढून बादली मोरीत आणून द्यायची सोय मात्र अनेक घरांत आजाराआधीपासून असते. ती मदत धरायची की नाही, हे अभ्यास सुरू होण्याआधी ठरव, लिहून ठेव आणि शेवटच्या पेशंटपर्यंत बदलू नकोस. जिन्याचंही तसंच. घराला जिनाच नसेल तर उंबरा ओलांडला म्हणून 10 टाकू नकोस.

साडी नेसणाऱ्या बाई आता गाऊनवर असतील आणि तो स्वतः घालत असतील तर 10 द्यायचे. सोयीचे कपडे चालतात. पण शेजारी ‘गाऊन’ असं लिही. काठी, चाकं नसलेला वॉकर, पकडायला दांडा, यांनी गुण कमी होत नाहीत. माणूस लागला की कमी होतात.

उत्तर कुणी दिलं त्याचा एक रकाना हवाच. घरची माणसं बहुतेक वेळा पेशंटपेक्षा कमी गुण सांगतात, आणि ज्याला स्वतःच्या डाव्या बाजूचं भानच राहिलेलं नाही तो सगळं छान चाललंय म्हणतो. पहिल्यांदा काकू आणि सहा महिन्यांनी फोनवर मुलगा, अशी अदलाबदल झाली तर फरक पेशंटचा की सांगणाऱ्याचा, ते तुला कळणार नाही. फोनवर विचारलं तर चालतं, पण तसं नोंदव. पंचगंगेला पाणी चढलं की शिरोळकडचे रस्ते बंद होतात आणि ऊसतोडीच्या दिवसांत घरात बोलायला माणूस सापडत नाही. तारखा आखताना हे आधीच धर. आणि महिने मोजायचे ते झटका आला त्या दिवसापासून. डिस्चार्जपासून नव्हे. कुणी आठव्या दिवशी घरी जातो, कुणी चाळिसाव्या. पहिले तीन महिने सुधारणा सगळ्यात वेगाने होते, तिथे एका महिन्याची चूक फार मोठी.

जे आलेच नाहीत त्यांना गाळून सरासरी काढू नकोस. समज, 40 पेशंट होते, 6 वारले, 9 सापडले नाहीत. उरलेल्या 25 ची सरासरी वर गेली तर कोण सुधारलं? वारलेले बहुधा खालच्या गुणांचे होते, ते गेले म्हणून सरासरी चढली. रँकिनच्या मापात (लकव्यानंतरचं अपंगत्व 0 ते 6 मध्ये मोजतात ते) मृत्यूला 6 हा आकडा तरी आहे, बार्थेलमध्ये जागाच नाही. म्हणून वेगळं लिहावं लागतं. न सापडलेल्यांत काही कामाला लागलेले असतात आणि काहींना गाडीत घालून आणायला कुणी नसतं. दोन्ही टोकं गळतात. मुळात हे गुण म्हणजे पायऱ्या आहेत, आणि त्या सारख्या उंचीच्या नाहीत. मध्यक (गुण क्रमाने लावल्यावर मधोमध येतो तो) दे आणि प्रत्येक कामात किती वर गेले, किती खाली आले, ते मांड.

मला हट्टी म्हणतात, माहीत आहे. घरी जाऊन मोरी बघायची काय गरज, वॉर्डात दहा मिनिटांत फॉर्म होतो, असं मी पुष्कळ ऐकलंय. होतो ना. दहा मिनिटांत ‘करता येतं’चा फॉर्म होतो. त्यातून कागद भरतात, आणि घरी काय चाललंय ते कागदावर येत नाही. तीच रीत मीही बराच काळ चालवून घेतली. म्हणून तुझ्याबाबतीत एवढी कुरकुर करते.

100 आले म्हणून गडी सुटला असंही समजू नकोस. 100 वाला एकटा राहू शकेलच असं नाही. स्वयंपाक, बाजार, गोळ्या, पैसे यांतलं काहीच त्या दहा कामांत नाही. सहा महिन्यांनंतर लॉटन आणि ब्रॉडींचं 1969 चं माप जोड, त्यात अशी 8 कामं आहेत. सोबत आपल्याकडची विचार: डेअरीला दूध कोण घालतं, एस.टी.ने तालुक्याला एकटे जातात का, बी.पी.ची गोळी स्वतः आठवणीने घेतात का. आणि प्रत्येक कामापुढे ‘आजाराआधी करत होते का?’ जन्मात चुलीपुढे न बसलेल्या माणसाला स्वयंपाक येत नाही म्हणून लकव्याच्या खात्यावर टाकशील!

पुढच्या भेटीला सकाळी अंघोळीच्या वेळेला पोच, दुपारी नको. आधी गप्प बसून बघ आणि गुण लिही. ते झालं की काकूंना दहा मिनिटं बाहेर बसव आणि काकांना शर्ट घालायला सांग. तो आकडा वेगळ्या रकान्यात लिही, बेरजेत घेऊ नकोस. दोन्हींत फरक निघाला तर शिकवायचं काकूंना आहे, हाताचा व्यायाम वाढवून ते सुटणार नाही. फरक निघाला नाही तर हात आणि खांदा नीट तपास, आणि मला लगेच कळव. वॉर्डातल्या बाकीच्या फॉर्मांपैकी किती ‘करून दाखवा’ म्हणून भरलेत, तेही मोजून पाठव.