थांबलेली पेशी मेलेली नसते

प्रिय मुली,

काल पाषाणला चहा घेताना तू विचारलंस, "सर, औषध दिल्यावर एमटीटीच्या रंग-चाचणीत निम्म्या पेशी मेल्या, पण मरणाऱ्या पेशींना चिकटणारं अनेक्सिन काहीच दाखवत नाही. तो डेटा वगळू का?" मी तेव्हा गप्प बसलो. रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

वगळू नकोस. आणि आधी ते 'निम्म्या पेशी मेल्या' खोड. तुझ्या प्लेटमध्ये जांभळा रंग निम्म्यावर आला, तू पाहिलंस ते एवढंच. तो रंग पेशीच्या चयापचयाचा असतो. विभाजन थांबलं, मायटोकॉन्ड्रिया मंदावल्या, तरी तो उतरतो. थांबलेली पेशी मेलेली नसते गं!

याला काथ्याकूट म्हणू नकोस. १९८८ साली मेलबर्नमध्ये संशोधकांनी बीसीएल-२ हे कर्करोगाशी जोडलेलं जनुक घातलेल्या पेशींचा वाढीचा घटक काढून घेतला. त्या वाढल्या नाहीत, पण मेल्याही नाहीत. कर्करोगाचं जनुक म्हणजे पेशी वाढवणारं, अशी तोवरची समजूत. हे तर मरण अडवणारं निघालं. वाढ आणि मरण वेगवेगळं मोजलं, म्हणून ते दिसलं. त्याच जनुकाच्या प्रथिनाला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ साली अमेरिकेत मंजूर झालं. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ते रोज २० मिलिग्रॅमपासून सुरू करून पाच आठवड्यांत ४०० वर नेतात, कारण पेशी एकदम मेल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट रक्तात उतरून रुग्णाच्याच जिवावर बेततं. मरण असं असतं. तुझ्या प्लेटमध्ये ते झालं का?

मी प्रबंधात नुसत्या एमटीटीवर 'अपोप्टोसिस', म्हणजे पेशीचं ठरवून मरण, लिहिलं होतं. एका ज्युनिअरनं शंका काढली, तर त्याच्यावर खेकसलो. पुढे त्याच औषधातून काढलेल्या पेशी फ्लास्कमध्ये पुन्हा भरभरून वाढल्या. तेव्हा आमच्याकडे पेशी एकेक करून तपासणारा फ्लो सायटोमीटर नव्हता, फेलोशिप संपत आली होती, घरी आई आजारी होती. सगळं खरं. पण औषध काढून आठवडाभर वाट बघायला कुठलं मशीन लागत होतं?

म्हणून पुन्हा सांगतो, थांबलेली पेशी मेलेली नसते. अनेक्सिन २४ तासांवरच केलंस ना? ४८ आणि ७२ वरही कर. पेशी हमखास मारणाऱ्या स्टॉरोस्पोरिनचा पॉझिटिव्ह कंट्रोल लाव, नाहीतर किट चालतंय की नाही तेच कळणार नाही. पेशी मरताना सक्रिय होणाऱ्या कॅस्पेज-३ या प्रथिनाचा ब्लॉट कर. आणि औषध धुऊन टाकून किती पेशी पुन्हा वाढतात ते मोज. गाइड घाई करतील. माझं नाव सांग.

रविवारी घरी ये. एकेका पेशीचा ठिपका दाखवणारे मूळ डॉट प्लॉट आण, सरासरीचे बार नकोत.

तुझा,
सर