१२ फुटी सपाट तळाची की १४ फुटी व्ही तळाची: ॲल्युमिनियमची कोणती बोट घ्यावी?

तुम्ही विचारलंय त्या दोन्ही बोटी वापरलेल्या आहेत. एक १२ फुटी, सपाट तळाची, रिव्हेट मारलेली, सोबत ९.९ एचपीची टू-स्ट्रोक मोटर. दुसरी १४ फुटी, व्ही तळाची, वेल्ड केलेली, २० एचपीच्या फोर-स्ट्रोकसह. मोठ्या तलावात गळ टाकायला जायचं, बहुतेक वेळा दोघांनी, अधूनमधून दोन मुलंही बरोबर. ट्रेलर आहे. एवढ्यावर माझं उत्तर १४ फुटी असंच आहे. अट एकच: तिचा ट्रान्सम, म्हणजे मोटर जिच्यावर लटकते ती मागची उभी पाठ, आतून सडलेला नसावा.

मी सपाट तळाची १२ फुटी सात वर्षं चालवली, नंतर व्ही तळाची घेतली. पहिलीवर माझा जीव होता. वीतभर पाण्यात जायची, उभं राहून गळ फेकला तरी हलायची नाही, दोघांनी उचलून किनाऱ्यावर ठेवता यायची. तरीही तुम्हाला ती घ्या असं सांगवत नाही, त्याला कारण एक दुपार.

तिघं होतो. शिवाय पेट्रोलची टाकी, बॅटरी, नांगर. जाताना पाणी निवांत होतं. दुपारी वारा सुटला आणि परतीची वाट नेमकी वाऱ्याच्या तोंडावर. सपाट तळ लाट कापत नाही, तिच्यावर आपटतो. दर आपटीला अंग खिळखिळं होतं, म्हणून वेग कमी करावा लागतो. आणि वेग कमी केला की पुढचं रुंद, बोथट तोंड लाटेवर चढायच्या ऐवजी तिच्यात घुसतं. कोपऱ्यावरून पहिलं पाणी आत आलं तेव्हा घाबरून मी थ्रॉटल, म्हणजे वेगाची मूठ, एकदम सोडला. बोट थांबली, पण तिच्या मागोमाग येणारी तिचीच लाट थांबली नाही. ती ट्रान्समवरून सरळ आत आली. घोटाभर पाणी साचलं, आणि आतलं पाणी काही एका जागी राहत नाही. बोट जिकडे कलेल तिकडे धावतं आणि तिला आणखी कलवतं. एक जण डब्यानं उपसत राहिला, मी लाटा तिरक्या घेत हळूहळू किनारा गाठला. कुणाला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून माझ्या मनात पक्कं बसलंय की बोट जाण्यासाठी निवडायची नसते, वाऱ्यातून परत येण्यासाठी निवडायची असते. तुमच्याबरोबर मुलं असणार आहेत, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं.

व्ही तळाबद्दल एक गैरसमज आधीच दूर करतो. किनाऱ्याला दोन्ही बोटींत पाय टाकून पाहाल तर सपाट तळाची जास्त स्थिर वाटेल आणि व्हीची डुलेल. बरेच जण तिथेच चुकीचा निर्णय घेतात. व्ही तळ सुरुवातीला झुकतो, मग रुंद भाग पाण्याला टेकला की तग धरतो. लाटेत तो लाटेच्या उतारामागे तितका लवंडत जात नाही. काठ किती उंच आहे तेही बघा. माणसं आणि सामान चढवल्यावर पाण्यावर किती काठ उरतो, हे लांबीपेक्षाही महत्त्वाचं.

आता वजनाचा हिशेब. बोटीवर क्षमतेची पाटी असेल तर तिच्यावरचा माणसांचा, एकूण वजनाचा आणि एचपीचा आकडा अंतिम माना. पाटी गळून गेली असेल तर ढोबळ नियम असा: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद बोटीला ३.२ येतात, म्हणजे तीनच माणसं, तीही शांत पाण्यात. तुम्ही दोघं आणि दोन मुलं इथेच बसत नाही. १४ फुटी बोट ५ फूट रुंद असेल तर ४.७, म्हणजे चार. या हिशेबात माणूस साधारण ६८ किलोचा धरलेला असतो. २५ लिटर पेट्रोलचंच १८-१९ किलो होतं, हेही विसरू नका.

मोटरच्या ताकदीकडे लोक हौस म्हणून बघतात, पण मला ती वेळेची गोष्ट वाटते. बोट पाण्यावर चढून घसरायला लागली नाही, तर तिचा वेग तिच्या लांबीनं बांधलेला असतो. १२ फुटी बोटीला तो ताशी साडेआठ किलोमीटरच्या आसपास. ९.९ एचपी दोघांना घेऊन बहुधा चढेल. भरलेल्या बोटीत मात्र ती नाक वर करून पाणी ढकलत बसते, आणि मग सहा किलोमीटरच्या परतीला पाऊण तास. २० एचपीवर हेच अंतर आभाळ भरून यायच्या आत कापता येतं. टिलरची, म्हणजे हातानं दांडा धरून वळवायची मोटर असेल आणि एकटेच मागे बसणार असाल तर दांड्याला एक्स्टेन्शन लावून थोडं पुढे सरका, आणि टाकी-बॅटरी पुढच्या बाजूला ठेवा. फरक लगेच जाणवतो.

रिव्हेट की वेल्ड, यावर हिरिरीने वाद घालणारे भेटतील. मला हा मुद्दा दुय्यम वाटतो. रिव्हेटच्या बोटीचा पत्रा बहुधा पातळ, म्हणून ती हलकी. वर्षानुवर्षं आपटून रिव्हेट ढिले होतात, पण आतून एकानं जड लोखंड धरायचं आणि बाहेरून दुसऱ्यानं हातोडी मारायची, की बरेचसे पुन्हा घट्ट बसतात. वेल्डची बोट जाड पत्र्याची, दणकट. तिच्यात बिघाड झालाच तर वेल्डच्या कडेनं बारीक चीर जाते आणि त्याला ॲल्युमिनियम वेल्ड करणारा कुशल हात लागतो. आतल्या आडव्या फासळ्यांजवळ आणि ट्रान्समच्या कोपऱ्यांत टॉर्च लावून बघा. गळतीची परीक्षा कोरड्या जागीच होते: बोट ट्रेलरवर नीट टेकलेली असताना आत तीन-चार इंच पाणी भरा आणि खाली जिथे थेंब येतील तिथे खडूनं खूण करा. त्याहून जास्त भरू नका, एवढ्याच पाण्याचं वजन काही शे किलो होतं.

ट्रान्सम. इथे घाई करू नका. बहुतेक बोटींत दोन पत्र्यांच्या मध्ये प्लायवुड असतं आणि बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ते आतल्या आत कुजतं. बाहेरून रंग छान दिसतो. मोटर खाली सोडून तिचा पाय हातानं मागे-पुढे ओढा. मोटर आपल्या बिजागरीवर थोडी हलेल ते ठीक, ट्रान्सम हलता कामा नये. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. भरीव आवाज मध्येच बसका झाला तर तिथे कूज आहे. विकणाऱ्याची हरकत नसेल तर एक बोल्ट काढून भोकात खिळा फिरवा. ओला भुसा आला की उत्तर मिळालं. प्लाय बदलता येतं, पण तांब्याचं रसायन मुरवलेलं लाकूड चुकूनही घालू नका. तांबं आणि ओल एकत्र आली की ॲल्युमिनियमला भोकं पडतात. याच कारणानं तळात पडलेलं तांब्याचं नाणं उचलून टाका आणि बोटीला तांब्याचा रंग देऊ नका. बोटीऐवजी स्वतः झिजावा म्हणून लावलेला धातूचा ठोकळा गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा हवा, खाऱ्यात जस्ताचा.

टेप बरोबर न्या. ट्रान्समची उंची आणि मोटरच्या शाफ्टची लांबी जुळायला हवी: एकतर दोन्ही १५ इंची किंवा दोन्ही २० इंची. पंख्याच्या वरची आडवी पाती बोटीच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली असावी. २० इंची ट्रान्समवर १५ इंची मोटर लावलेली असेल तर वळताना पंखा हवा ओढेल.

मोटर बघायला जाताना आधी सांगून ठेवा की ती गार असतानाच सुरू करायची आहे. पोहोचल्यावर हात लावा, कोमट असेल तर का ते विचारा. सुरू झाल्यावर मागून पाण्याची धार जोरात आणि अखंड यायला हवी, नाहीतर इम्पेलर, म्हणजे मोटर गार ठेवायला पाणी खेचणारी चक्री, गेलाय किंवा पाण्याची वाट तुंबलीय. खालच्या गिअरचं तेल थोडं काढून बघा. दुधासारखं पांढुरकं असेल तर सीलमधून पाणी शिरलंय. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. फरक दहा टक्क्यांच्या आत असावा. टू-स्ट्रोक हलकी आणि दुरुस्तीला सोपी असते, पण पेट्रोल जास्त पिते आणि दिवसभर तिच्या धुरात बसावं लागतं.

बाकांखालचा फोमही तपासा. जुना फोम पाणी पिऊन बसतो, मग बोट दिसते तशीच पण किलोंनी जड झालेली असते आणि बुडाल्यावर तो फोम तिला तरंगत ठेवत नाही. जागा मोकळी करण्यासाठी आधीच्या मालकानं मधलं बाक कापून काढलं असेल तर मी ती बोट घेणार नाही. त्या बाकानंच दोन्ही बाजू ताठ धरलेल्या असतात.

१२ फुटी घ्यावी असं मी दोनच परिस्थितींत म्हणेन: तुमचं पाणी उथळ, शेवाळाचं आणि चहूबाजूंनी आडोशाचं असेल, किंवा १४ फुटीचा ट्रान्सम कुजलेला निघाला आणि तो बदलण्याची तुमची तयारी नसेल. दुसऱ्या वेळी मात्र मुलांना न्यायला आणखी एखादी बोट शोधा, १२ फुटीवर भागवू नका.

चाचणीला चौघंही जा, थोडा वारा असलेल्या दिवशी, मुलांना किनाऱ्यावरूनच जॅकेट घालून. किल स्विचची दोरी मनगटाला बांधा आणि ती ओढल्यावर मोटर खरंच बंद पडते का ते निघण्याआधी पाहा. ट्रान्समची उंची, पाटीवरचे आकडे आणि कॉम्प्रेशन इथे लिहिलंत तर मी पुन्हा बघून सांगेन.