टाळी वाजवावी, पण हार घालावा का?

खेळाडूंच्या मैदानाबाहेरच्या वागण्याबद्दल सातारा-सांगलीकडच्या वाचकांची बरीच पत्रं आली. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच विनंतीवरून गाळली आहेत. उत्तरं कुस्ती मार्गदर्शक, वकील आणि मुलांचे समुपदेशक यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : आमचा मुलगा बारा वर्षांचा आहे, तालमीत जातो. खोलीत सुशील कुमारचं मोठं पोस्टर लावलंय. शाळेत एकानं ‘तुझा हिरो जेलमध्ये आहे’ म्हणून चिडवलं, तर यानं त्याला धरून आपटलं. पोस्टर काढून टाका असं यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. काय करावं? (एक आई, विटा)

पोस्टर तुम्ही काढू नका. आईबापांनी फाडलेला हिरो मुलाच्या डोक्यात आणखी मोठा होतो. मग तो फोनमध्ये बघतो आणि घरात त्याचं नाव काढत नाही. दुसरी चूक याच्या अगदी उलटी: ‘मोठ्या माणसांचं असंच असतं, तू आपली कुस्ती बघ.’ यातून मुलगा एवढंच शिकतो की गळ्यात पदक असलं की हात उचलायला मोकळीक.

आधी तुम्हा दोघांना नीट माहीत हवं. सुशीलची कुस्ती खरी आहे. २००८ ला बीजिंगमध्ये तो पहिल्याच लढतीत हरला. त्याला हरवणारा अंतिम फेरीत गेला, म्हणून नियमाप्रमाणे रेपेचाजची, म्हणजे हरूनही कांस्यासाठी पुन्हा लढायची, संधी मिळाली आणि तिथे तीन कुस्त्या मारून त्यानं कांस्य घेतलं. २०१० ला जागतिक विजेतेपद, २०१२ ला लंडनमध्ये रौप्य. खटलाही तितकाच खरा आहे. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये झालेल्या मारहाणीनंतर एका तरुण पैलवानाचा मृत्यू झाला आणि त्या प्रकरणात सुशीलला अटक झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयानं खुनाचा आरोप निश्चित केला. पुढे मिळालेला जामीन सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केला. हा मजकूर लिहीपर्यंत निकाल लागलेला नाही.

मुलाला यातल्या पायऱ्या सांगा. गुन्हा नोंदवला म्हणजे तक्रार लिहून घेतली. आरोपपत्र म्हणजे पोलिसांचं म्हणणं. आरोप निश्चित झाले म्हणजे खटला चालवण्याइतकं काहीतरी आहे असं न्यायाधीशांना वाटलं. दोषी की निर्दोष हे निकालातच ठरतं, आणि त्यावरही अपील असतं. बारा वर्षांच्या मुलाला हे सहज कळतं. त्याला तालमीत गुण कसे मोजतात ते कळतं, मग हे का नाही कळणार?

बोलायची वेळ निवडा. पोस्टरसमोर बसवून भाषण नको. तालमीतून येताना गाडीवर मागे बसलेला असेल तेव्हा बोला. नजरेला नजर नसली की मुलं जास्त बोलतात. पहिल्यांदा फक्त विचारा, ‘तुला काय काय ऐकायला मिळालं?’ त्यातलं चुकीचं असेल तेवढं दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी एक गोष्ट आवर्जून सांगा: जो गेला तोही पैलवानच होता, त्यालाही मोठं व्हायचं होतं. इथं थांबा. पोस्टरचं काय करायचं ते त्याला ठरवू द्या. पुष्कळ मुलं ते फाडत नाहीत, कपाटाच्या आतल्या बाजूला लावतात. चालेल.

आणि रिकाम्या जागेवर लगेच दुसरा देव बसवू नका. खाशाबा जाधवांचा फोटो जरूर लावा. गोळेश्वरचा हा माणूस १९४८ ला लंडनमध्ये सहावा आला आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्य घेऊन परतला. पण हेलसिंकीच्या निवडीत आपल्यावर अन्याय झाला म्हणून त्यांनी थेट वर दाद मागितली होती, तेही सांगा. खालमानेनं सगळं सोसणारा आदर्श मुलांच्या काही कामाचा नसतो.

मारामारीचा विषय वेगळा ठेवा. ती वस्तादांच्या कानावर घाला. तालमीतला डाव बाहेर वापरायचा नाही हा नियम त्यांच्या तोंडून गेला की तुमच्यापेक्षा दसपट लागतो. ज्या मुलाला आपटलं त्याच्या घरी जाऊन माफी मागायची, आणि सोबत वडिलांनी जायचं.

प्रश्न : आमच्या जत्रेच्या मैदानाला एका नावाजलेल्या माजी क्रिकेटपटूला बोलवायचं घाटतंय. त्यांच्यावर पूर्वी मॅच फिक्सिंगवरून बंदी होती, आता ती उठली असं म्हणतात. गावात दोन तट पडलेत. (मंडळाचे एक पदाधिकारी, तासगाव तालुका)

‘बंदी उठली’ म्हणजे नेमकं काय झालं ते आधी बघा, कारण त्याच्या तऱ्हा अनेक. महंमद अझरुद्दीनवर क्रिकेट मंडळानं २००० मध्ये आजन्म बंदी घातली. २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं ती बेकायदा ठरवली. श्रीशांतचं प्रकरण निराळं. २०१३ ला अटक झाली, २०१५ ला दिल्लीच्या न्यायालयानं फौजदारी खटल्यातून मुक्त केलं, तरी मंडळाची बंदी कायम राहिली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आजन्म बंदीच्या शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं, ती सात वर्षांवर आली आणि सप्टेंबर २०२० मध्ये संपली. शिक्षा संपणं, शिक्षा कमी होणं आणि शिक्षाच चुकीची ठरणं या तीन गोष्टी आहेत. तुमच्या पाहुण्यांची कोणती, ते शोधा. फ्लेक्सवर ‘निष्कलंक’ वगैरे विशेषणं तर लिहूच नका.

खटला चालू असल्याची शंका असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा, वर्ष आणि पक्षकाराचं नाव टाकून स्थिती बघता येते. इथे हमखास घोळ होतो तो नावसाधर्म्याचा. एकाच नावाची चार माणसं निघतात आणि इंग्रजी स्पेलिंगनुसार निकाल बदलतात. वडिलांचं नाव, गाव जुळल्याशिवाय कुणाला काही बोलू नका. नाहीतर बदनामीचा खटला मंडळावरच यायचा.

खरी अडचण पाहुणा कोण ही नसते, क्रम चुकतो ही असते. आधी फ्लेक्स छापतात, मग आगाऊ रक्कम देतात आणि मग बैठक घेतात. उलटं करा. बैठकीत ठराव लिहा, नंतर निमंत्रणाचं पत्र द्या. त्यात ‘कार्यक्रमाआधी गंभीर गुन्हा नोंद झाल्यास मंडळ निमंत्रण मागे घेऊ शकेल आणि आगाऊ रक्कम परत करावी लागेल’ एवढं एक वाक्य टाका. सगळ्यात शेवटी फ्लेक्स. मानधन रोखीनं देऊ नका.

आमचं मत विचाराल तर मान एकाच गठ्ठ्यात देऊ नका. मैदानात येऊन बसणं, प्रेक्षकांच्या टाळ्या घेणं, पोरांना दोन गोष्टी सांगणं हे खेळाच्या जोरावर मिळतं. शाल-श्रीफळ, मानाचा फेटा आणि पहिल्या नंबरची कुस्ती लावायचा मान हा गावानं माणसाला दिलेला असतो. फिक्सिंगवाल्याला निकाली कुस्तीचा हात द्यायला लावणं आम्हाला तरी रुचत नाही. तो हात गावातल्याच एखाद्या जुन्या पैलवानाचा असू द्या.

प्रश्न : मॅराडोना, शेन वॉर्न यांचे जुने व्हिडिओ मी तासन्‌तास बघतो. मित्र म्हणतात, असल्या माणसांचं कौतुक कसलं करतोस. (महाविद्यालयीन विद्यार्थी, सातारा)

बघा खुशाल. ४ जून १९९३ ला ओल्ड ट्रॅफर्डवर गॅटिंगचा त्रिफळा उडवणारा चेंडू लेग स्टंपबाहेर पडून ऑफ स्टंपवर गेला, तो वॉर्नच्या घरगुती भानगडींनी सरळ होत नाही. मॅराडोनाचं मात्र जरा नीट बघा. २२ जून १९८६ च्या, विश्वचषक फुटबॉलमधल्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात हातानं मारलेला गोल आणि अर्धा संघ चकवून केलेला गोल यांच्यात जेमतेम चार मिनिटांचं अंतर आहे. पहिला लबाडीचा आणि तोही मैदानातच, दुसरा अस्सल. दोन्ही एकाच माणसाचे. मित्रांना हा सामना दाखवा.

प्रश्न : डोपिंगमध्ये सापडलेला खेळाडू आणि दारू पिऊन धिंगाणा घालणारा खेळाडू, मुलं दोघांना एकाच मापानं मोजतात. फरक कसा समजावावा? (क्रीडाशिक्षक, कराड तालुका)

एकच प्रश्न विचारायला शिकवा: चुकीमुळे निकाल खोटा झाला का? दारू पिऊन धिंगाणा घातला तर पोलीस बघतील, पण धावलेली वेळ खरी राहते. डोपिंगमध्ये वेळच खोटी. बेन जॉन्सननं १९८८ ला सोलमध्ये १०० मीटर ९.७९ सेकंदांत मारले. नमुन्यात स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड सापडलं, वेळ रद्द झाली आणि सुवर्ण कार्ल लुईसला गेलं. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्स शर्यतीची १९९९ ते २००५ ची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढली, ती दुसऱ्या कुणालाही दिली नाहीत. का, याचा अंदाज मुलांनाच बांधू द्या.

आपल्याकडचं उदाहरण जास्त पोचतं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत अनू राघवन ४०० मीटर अडथळ्यांत चौथी आली. पहिली आलेली बहारीनची धावपटू पुढे डोपिंगमध्ये दोषी ठरली आणि अनूचं कांस्य झालं. पण तोवर व्यासपीठ, झेंडा, टाळ्या सगळं होऊन गेलं होतं. ज्यांना ‘त्यात काय एवढं’ वाटतं त्यांना ही चौथी मुलगी दाखवा.

मधली एक जागाही आहे. कोकेनसारखा पदार्थ स्पर्धेबाहेर, कामगिरीशी संबंध नसताना घेतला हे सिद्ध झालं तर २०२१ पासूनच्या नियमांत बंदी तीन महिन्यांची, आणि मान्यताप्राप्त उपचार पूर्ण केले तर एक महिन्याची. २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा गोलंदाज कागिसो रबाडा असाच महिनाभर बाहेर बसला. स्टेरॉइड जाणूनबुजून घेतलं तर मात्र चार वर्षं.

हे सगळं शिकवताना एक गोष्ट तपासा: तुमच्याच मुलांपैकी कुणी ‘हिरोसारखी बॉडी’ करायला इंजेक्शन घेतंय का? मेफेंटरमाइन हे ऑपरेशनच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणायचं औषध जिममध्ये चोरून विकलं जातं. ते स्पर्धेत बंदी असलेलं उत्तेजक तर आहेच, शिवाय त्यानं हृदयाचे ठोके बिघडतात आणि सवय लागते. पावडरच्या डब्यातूनही बंदी असलेले पदार्थ येतात. डब्यात काय होतं ते माहीत नव्हतं, ही सबब चालत नाही. शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. डबा, बॅच नंबर आणि पावती जपून ठेवायला सांगा.

प्रश्न : ‘खेळ वेगळा, माणूस वेगळा’ हे पुरुषांच्या बाबतीतच का ऐकू येतं? माझी मुलगी खेळते. तिच्या आधीच्या प्रशिक्षकांबद्दल मुली कुजबुजायच्या, पण ‘त्यांनी तालुक्याचं नाव काढलंय’ म्हणून सगळे गप्प. (एक पालक, मिरज)

या वाक्याचा सगळ्यात वाईट वापर इथेच होतो. टीव्हीवरच्या खेळाडूवर आपण टाळ्या वाजवल्या म्हणून त्याच्या बळीचं दुःख वाढतं की कमी होतं यावर वाद घालता येईल. माइक टायसन १९९२ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरला, १९९५ ला सुटला आणि पुन्हा रिंगणात उतरला. त्याचे ठोसे कुणी बघावेत, कुणी बघू नयेत. पण तुमच्या तालुक्यातला पदकवाला रोज संध्याकाळी मुलींसमोर उभा असतो. तिथे खेळ आणि माणूस वेगळे करताच येत नाहीत. प्रशिक्षक म्हणून त्याला दिलेली चावी हीच आपल्या कौतुकाची किंमत, आणि ती मुली मोजतात.

आता करायचं काय ते. मुलगी अठरा वर्षांखालील असेल आणि लैंगिक स्वरूपाचं काहीही असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा लागतो. गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग तो संस्थेचा अध्यक्ष असो की तुम्ही. १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावरही कळवता येतं. संस्थेनं आधी ‘अंतर्गत चौकशी’ करून मग ठरवू म्हटलं तर ऐकू नका.

सज्ञान खेळाडूंसाठी २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. त्यातल्या कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, संकुल आणि स्पर्धेची जागा स्पष्टपणे येते, हे फार थोड्यांना माहीत असतं. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर संस्थेची स्वतःची समिती हवी. कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे करा. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते.

तक्रारी फसतात त्या बहुतेक दोन कारणांनी. मुलींचे मेसेज घाबरून पुसले जातात, आणि तारखा आठवत नाहीत. म्हणून स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर ठेवा, आणि वहीत तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं एवढंच लिहा, विशेषणं नकोत. मुलीला तीच हकिगत पाचजणांसमोर पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका.

तक्रारीआधीही काही नियम लावून घेता येतात. बाहेरगावच्या स्पर्धेला महिला व्यवस्थापक सोबत हवी. प्रशिक्षकानं एकट्या मुलीला मेसेज करायचा नाही, पालक असलेल्या गटावरच. मालिश किंवा दुखापतीची तपासणी बंद खोलीत नाही. चांगला प्रशिक्षक याला नाही म्हणत नाही. जो नाव काढल्याच्या गोष्टी सांगायला लागतो, त्याच्याकडे मुलगी पाठवू नका.

प्रश्न : शिक्षा भोगून आलेल्याला आमच्या क्लबनं पुन्हा घ्यावं का? (क्रिकेट क्लबचे सचिव, सांगली)

खेळायला घ्या. कर्णधारपद लगेच देऊ नका. मार्च २०१८ मध्ये केपटाउनला चेंडू सँडपेपरनं घासल्याबद्दल ऑस्ट्रेलियानं स्मिथ आणि वॉर्नरला एक वर्ष, बॅनक्रॉफ्टला नऊ महिने बाहेर ठेवलं. पण नेतृत्वाचा हिशेब वेगळा मांडला. स्मिथवर त्यासाठी आणखी एक वर्ष आणि वॉर्नरवर कायमची बंदी, जी शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये उठली. स्मिथनं परतल्यावर पहिल्याच कसोटीत, एजबॅस्टनला, १४४ आणि १४२ काढले, आणि तेव्हा कर्णधार दुसराच होता.

तुमच्या क्लबच्या घटनेत हे दोन कालावधी वेगळे लिहून ठेवा, म्हणजे नाव समोर आल्यावर भांडण होणार नाही. मारहाण किंवा मुलींशी गैरवर्तन असेल तर तिसरी ओळही घाला: चौदा वर्षांखालच्या संघाची जबाबदारी नाही.