साओ पावलोच्या कामानंतर तीन दिवस मोकळे आहेत. त्यात रिओ आणि इग्वासूचा धबधबा दोन्ही होतील का?

इग्वासूचा नाद सोडा. काम ऑगस्टमध्ये एका गुरुवारी संपतंय, शुक्रवार ते रविवार मोकळे, सोबत पत्नी, दोघंही शाकाहारी, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यात दोन्ही कोंबलंत तर निम्मा वेळ विमानतळांवरच जाईल. एकटं रिओ मात्र तीन दिवसांत छान होतं, आणि तुमचे वारही सोयीचे पडलेत.

आधी लशीचं बघा. ब्राझीलहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि तीही प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. एकदा घेतली की प्रमाणपत्र जन्मभर चालतं.

मी नोकरीनिमित्त काही काळ रिओत होतो आणि पाहुण्यांना फिरवायचं काम आपसूक माझ्याकडे यायचं. लोक येतात ते शुक्रवारी हे, शनिवारी ते असा तक्ता घेऊन. रिओत तो तक्ता ढग मोडतात. कोर्कोवादो डोंगर सुमारे 700 मीटर उंच, समुद्र पायथ्याशी, त्यामुळे खाली लख्ख ऊन असलं तरी वरचा ख्रिस्ताचा पुतळा ढगात गुडूप असू शकतो. ऑगस्ट कोरडा असतो हे खरं, पण दक्षिणेकडून थंड हवा आली की दोन-दोन दिवस मळभ राहतं. म्हणून पुतळ्याचं तिकीट मुंबईतून काढून ठेवू नका. रोज सकाळी उठून बोताफोगोच्या किनाऱ्यावरून किंवा लागोआ तळ्याच्या काठावरून वर बघायचं. खालून पुतळा दिसला तर लगेच निघायचं, नाही दिसला तर वरूनही शहर दिसणार नाही, फक्त पांढरं धुकं दिसेल. बाकी सगळे बेत या एका गोष्टीभोवती सरकवायचे.

वर जायला कॉस्मे वेल्योहून दात्यांच्या रुळांवरची छोटी गाडी आहे. ही लोहमार्गाची वाट 1884 ची, म्हणजे पुतळ्यापेक्षा जुनी. पुतळा 1931 चा. वीसेक मिनिटांचा प्रवास तिजुकाच्या जंगलातून होतो, आणि कोकणातल्या माणसाला तिथे हमखास हसू फुटतं, कारण रुळांच्या कडेला बुंध्याला लगडलेले फणस दिसतात. पोर्तुगीजांनी फणस आपल्याकडून तिकडे नेला आणि काजू तिकडून गोव्यात आणला. फणस तिथे इतका माजलाय की जंगल खातं त्याच्याकडे उपरा म्हणून बघतं. हे जंगलही मूळचं नाही बरं का. कॉफीच्या मळ्यांनी डोंगर उघडे पडले, शहराचे झरे आटू लागले, तेव्हा 1861 पासून हजारो झाडं लावून ते पुन्हा उभं केलं, आणि सुरुवातीची लागवड गुलामांच्या हातून झाली.

वर पोचल्यावर सगळे हात पसरून फोटो काढतात, तुम्हीही काढा. पण पुतळ्याचा पृष्ठभागही नीट बघा. आत काँक्रीट आहे आणि वर शंखजिऱ्याच्या दगडाचे छोटे त्रिकोणी तुकडे बसवलेत. ते तुकडे कापडावर चिकटवायचं काम बायकांनी केलं आणि कित्येकींनी मागच्या बाजूला आपल्या माणसांची नावं लिहिली, असं सांगतात.

आता वार. शुक्रवार जुन्या शहराला, म्हणजे सेंत्रोला द्या. शनिवार-रविवारी कचेऱ्या बंद झाल्या की तिथले रस्ते सुनसान होतात आणि ते सुरक्षितही राहत नाहीत. पोर्तुगीज वाचनालयाची तीन मजली लाकडी दालनं बघा, 1894 पासूनच्या कोलोंबो कॅफेत आरशांखाली बसून कॉफी प्या, मग ट्रामने बंदराकडे जा. तिथलं 'म्युझियम ऑफ टुमॉरो', म्हणजे 'उद्याचं संग्रहालय', बाहेरून भव्य आहे. माझ्या मते आत वेळ घालवण्यापेक्षा चालत वालोंगो धक्क्यावर जावं. लाखो आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून इथे उतरवलं गेलं. धक्का नंतर बुजवला होता, 2011 मध्ये बंदराची कामं चालू असताना पुन्हा सापडला, 2017 मध्ये जागतिक वारशात आला. उघड्यावरचे दगड आहेत, तिकीट नाही, गर्दी नाही. सेलारोनच्या रंगीत फरश्यांच्या पायऱ्या सेंत्रोलगतच्या लापा भागात आहेत, पण तिथे फोटोसाठी रांगच असते. अर्धा तास पुरे.

शनिवारी संध्याकाळी शुगरलोफ, म्हणजे समुद्राकाठचा उभा सुळका. ऑगस्टात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा चारच्या आत केबल कारमध्ये असा. ती दोन टप्प्यांत जाते; पहिल्या टप्प्यावर, ऊर्काच्या टेकडीवर, घाई न करता थांबा. दिवे लागेपर्यंत वर राहा.

रविवारी कोपाकबाना आणि इपानेमाच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्याची एक बाजू गाड्यांना बंद असते आणि सगळं शहर तिथे चालायला, सायकलीला उतरतं. वाळूत बसा. दोन खांद्यांना दोन स्टीलची पिंपं अडकवून फेरीवाला येईल: एकात गार माते चहा, दुसऱ्यात लिंबूपाणी. दोन्ही किती मिसळायचं ते तुम्ही सांगायचं. सोबत, आपला साबुदाणा ज्याचा होतो त्याच कसाव्याच्या पिठाची, तोंडात विरघळणारी पोकळ कडी घ्या.

शाकाहाराची काळजी करू नका, फक्त विचारत जा. वजनावर जेवण विकणारी खाणावळ गल्लोगल्ली आहे: ताट घ्यायचं, हवं ते वाढायचं, काट्यावर ठेवायचं. भात, कोशिंबिरी, तळलेला कसावा, पालेभाजी मिळतेच. काळ्या घेवड्याच्या उसळीत डुकराचे तुकडे असू शकतात, फारोफा नावाच्या भाजलेल्या पिठातही. 'मांस नको' एवढंच म्हटलंत तर कोंबडी किंवा हॅम येऊ शकतं; 'वेजेतारियानो' म्हणा. चीजच्या गोल पावात अंडं असतं. उसाचा रस मात्र जिवाला बरा वाटेल.

चोऱ्यांबद्दल जेवढं ऐकता तेवढं घाबरू नका, पण फोन हातात धरून रस्त्याच्या कडेला उभं राहू नका आणि किनाऱ्यावर जाताना पासपोर्ट खोलीत ठेवा. राहायला बोताफोगो किंवा इपानेमा, मेट्रोच्या जवळ. अंधार पडला की ॲपवरची टॅक्सी. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. आपल्या यूपीआयसारखी त्यांची पिक्स पद्धत आहे, पण ती तिथलं बँक खातं असणाऱ्यांसाठी.

साओ पावलोहून विमान सुमारे तासाभरात पोचवतं. तिकीट काढताना विमानतळाचं नाव वाचून घ्या. सांतोस दुमाँ शहराच्या मधोमध आहे, गालेआँव लांब. मात्र रविवारी रात्री रिओहूनच भारताकडे निघणार असाल तर गालेआँवच लागेल, आणि संध्याकाळी समुद्रावरून परतणाऱ्या गर्दीचा हिशेब धरून हॉटेल जरा लवकरच सोडा.