गुपित घरात ठेवायचं तर रोज राबावं लागतं
घरगुती थरारकथा लिहिणाऱ्यांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मानसशास्त्रीय थरारकथा लिहिणाऱ्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रं वेड्या प्रेमाभोवती आणि नवरा-बायकोतल्या लपवाछपवीभोवतीच फिरतात, म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या कादंबरीत नवऱ्याचं दुसरं घर आहे आणि बायकोला सहा वर्षं त्याचा पत्ता नाही. मैत्रीण वाचून म्हणाली, "ठाण्यातल्या टू बीएचकेत हे सहा दिवससुद्धा टिकणार नाही." गुपित बदलू का? — एक वाचक, ठाणे

मैत्रिणीचं म्हणणं खरं आहे, पण गुपित बदलू नका. ते टिकवण्यासाठी नवरा काय काय करतो, ते तुमच्या हस्तलिखितात नाही. गुपित म्हणजे कपाटात टाकून विसरलेली वस्तू नव्हे. रोज सकाळी पाणी भरावं तसं ते रोज सांभाळावं लागतं.

एक वही घ्या. डाव्या पानावर गुपित कुठून गळेल ते लिहा, उजव्या पानावर तो ते भोक कसं बुजवतो ते. दुसरं घर म्हटलं की भाडं आलं, लाइट बिल आलं, सिलिंडर आला. अकरा महिन्यांनी लिव्ह अँड लायसन्सची पुन्हा नोंदणी, म्हणजे अंगठा द्यायला अर्धा दिवस सुट्टी. ती सुट्टी घरी काय म्हणून सांगितली? पैसे यूपीआयने दिले तर मेसेज येतो, रोख काढले तरी येतो. सोसायटीच्या गेटवरचं अ‍ॅप पार्सल आलं की घरातल्या सगळ्यांचे फोन वाजवतं. डावं पान भरलं की प्रकरणं आपोआप सुचायला लागतात.

दुसरा मोबाइल मात्र नको. तो प्रत्येक कादंबरीत असतो आणि प्रत्येक कादंबरीत मोज्यांच्या खणातच सापडतो.

त्यापेक्षा न आलेली गोष्ट वापरा. समजा, गाडीचं कर्ज बायकोच्या पगारावर मिळालं, म्हणून गाडी तिच्या नावावर आणि फास्टॅगला नंबरही तिचाच. नवरा म्हणाला, "आज गाडी घेऊन पुण्याला जातोय." तो रात्री परत आला, दमलेला, हातात चितळ्यांची बाकरवडी. दोन दिवसांनी गॅसच्या बुकिंगचा मेसेज शोधताना तिच्या लक्षात येतं की त्या तारखेला एक्स्प्रेसवेच्या टोलचा एकही मेसेज नाही. बाकरवडी काय, ठाण्यातही मिळते. इथे कुणी काही पाहिलेलं नाही, कुणी काही ऐकलेलं नाही, तरी पाया हलला.

आणि आपल्याकडच्या घराला कान असतात ते भिंतींना नव्हे, माणसांना. कामाच्या मावशी, दुसरी किल्ली ठेवणाऱ्या शेजारच्या काकू, रात्रपाळीचा वॉचमन. या तिघांना प्रत्येकी एक तुकडा माहीत असू द्या, पण त्याचा अर्थ नको. साहेबांच्या बॅगेतला शर्ट वापरलेला असूनही वेगळ्याच साबणाच्या वासाचा असतो, हे मावशींना ठाऊक आहे. त्यांना ते सांगण्यासारखं वाटत नाही, कारण आजवर त्यांना कुणी विचारलेलंच नाही.

प्रश्न : माझा नायक बायकोवर जिवापाड प्रेम करतो आणि त्याचं हळूहळू वेड होतं. पण वाचणारे म्हणतात, तो पहिल्या पानापासूनच खलनायक वाटतो. — एक वाचक, सांगली

"त्याच्या डोळ्यांत वेगळीच चमक होती" या जातीची वाक्यं काढून टाका, अर्धं काम होईल. कादंबरीच्या सुरुवातीच्या एक-तृतीयांश भागात त्याची प्रत्येक कृती शेजारणींना हेवा वाटावा अशी हवी. पुढे कृती बदलायची नाही. तीच ठेवायची आणि तिला एकेक अट जोडत जायची.

पेट्रोलचंच घ्या. सुरुवातीला तो दर रविवारी तिच्या स्कूटरची टाकी भरून आणतो. किती काळजी! मग टाकी भरायची थांबते आणि मोजून दोन लिटर येतं. हिशेब सोपा आहे : घर ते ऑफिस नऊ किलोमीटर, जाऊन-येऊन अठरा, पाच दिवसांचे नव्वद, आणि स्कूटर लिटरला पंचेचाळीस देते. शुक्रवारी काटा अपेक्षेपेक्षा खाली दिसला की तो म्हणतो, "हल्ली पंपावर माप कमी देतात गं. का कुठे लांब गेली होतीस?" आरोप पंपावर आहे. आवाज चढलेला नाही. तिला मात्र आता मैत्रिणीकडे जायचं तर रिक्षा करावी लागते, आणि रिक्षाचे पैसे रोखीनं द्यावे लागतात. म्हणजे काहीही गुन्हा नसताना ती लपवायला शिकली. तिचं पहिलं गुपित त्याच्या प्रेमातून जन्माला आलं की कथेला दोन्ही चाकं लागली.

वेडाचे प्रकार मात्र एकमेकांत मिसळू नका. संशयी नवऱ्याला खात्री असते की बायको आपल्याला फसवते आहे, आणि निर्दोषपणाचा प्रत्येक पुरावा त्याला बनाव वाटतो. दुसऱ्या प्रकारात माणसाला खात्री असते की समोरचा, बहुधा वरच्या पायरीवरचा, आपल्यावर छुपं प्रेम करतो. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ क्लेरांबो यांनी १९२१ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं आणि आजही तो त्यांच्या नावानं ओळखला जातो. त्यांच्या एका रुग्ण बाईंना वाटे की इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज आपल्यावर प्रेम करतात. राजवाड्याच्या खिडकीतला पडदा हलला की तो त्यांना आपल्यासाठी केलेला इशारा वाटे. अशा व्यक्तीला "नाही" ऐकू येतच नाही. "मला फोन करू नका" याचा तिथला अर्थ "आत्ता घरात कुणीतरी आहे" असा होतो. तुमचं पात्र नकारानंतर रागावतं की सुखावतं, यावरून ते कोणत्या प्रकारचं आहे हे ठरतं. नुसता हक्क गाजवणारा नवरा तिसराच. त्याला आजाराचं नाव देऊ नका. त्यानं त्याला फुकटची सूट मिळते.

प्रश्न : एका जोडप्यावर नजर ठेवणारा 'मी' कथा सांगतो. तो पुरुष आहे की बाई, हे शंभराव्या पानापर्यंत कळू द्यायचं नाही. जमेल का? — एक वाचक, पुणे

इंग्रजीत हे फुकट मिळतं, मराठीत त्याची किंमत मोजावी लागते. "मी आले" लिहिलंत की खेळ खलास. तरी वाटा आहेत.

सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ बहुतेक वेळा कर्माकडे पाहतो, कर्त्याकडे नाही : "मी दार उघडलं", "मी चहा केला", "मी दोघांचे फोटो काढले". अपवाद सांभाळा. "चहा घेतला" चालेल, "चहा प्यायलो" चालणार नाही. विसरणे, बोलणे, भेटणे, शिकणे हीसुद्धा चुगलखोर क्रियापदं आहेत. भविष्यकाळ निर्धोक आहे : "मी जाईन." "मी रोज तिथे उभं राहत असे" हेही चालतं, फक्त तिथे हात थरथरून 'उभा' किंवा 'उभी' पडू देऊ नका. "मला दिसलं", "माझ्या लक्षात आलं" ही वाक्यं तर अशा निवेदकाला शोभतातच, कारण तो करण्यापेक्षा पाहतो जास्त. वर्तमानकाळात "मी बघतो / बघते" टळत नाही, म्हणून अख्खी कादंबरी वर्तमानकाळात लिहायचा बेत असेल तर सोडून द्या. आणखी एक पळवाट कोल्हापूर-सांगलीकडची : तिकडे मुलीही "मी आलो", "मी जातो" म्हणतात. निवेदक तिकडचा केलात तर एक शब्दही खोटा न लिहिता वाचक चकेल, आणि तिकडचा वाचक मात्र सावध होईल.

निवेदकानं खोटं बोलावं का, असंही तुम्ही विचारलं आहे. पात्रांशी हवं तेवढं बोलू द्या, वाचकाशी मात्र शक्यतो गाळूनच काम भागवा. हे पाहा : "सकाळी आम्ही भंडारदऱ्याला निघालो. धरणावर भजी खाल्ली, खूप फोटो काढले. परतीला घाटात धुकं होतं, मला घरी पोचायला अकरा वाजले." पहिल्या वाचनात हे सहलीचं वर्णन आहे. दुसऱ्या वाचनात 'आम्ही'चं 'मला' कुठे झालं, तिथे बोट थांबतं.

जाता जाता, मराठीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जालीम पुरावा म्हणजे तू-तुम्ही. वहिनी चारचौघांत नवऱ्याच्या मित्राला "तुम्ही घ्या ना अजून" म्हणते. वर्षभर म्हणत आली आहे. एक दिवस त्याच्या हातावर गरम आमटी सांडते आणि तिच्या तोंडून निघतं, "अरे, हात मागे घे!" जेवण चालू राहतं, पण वाढणारी सासू डाव खाली ठेवते. कादंबरीभर एकदाच वापरा.

प्रश्न : 'गॅसलायटिंग' हा शब्द सगळीकडे ऐकू येतो. नेमकं काय, आणि आजच्या मराठी घरात ते कसं दाखवावं? — एक वाचक, नाशिक

पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८च्या 'गॅस लाइट' या नाटकातून हा शब्द आला. त्यावरच्या १९४४च्या हॉलिवूडपटासाठी इन्ग्रिड बर्गमन यांना ऑस्कर मिळालं. शब्द आता इतका सैल झाला आहे की नवरा साधं खोटं बोलला तरी वापरतात. मूळ रचना फार काटेकोर होती. नवरा बाहेर जातो असं सांगून त्याच घराच्या बंद वरच्या मजल्यावर शिरतो आणि काही शोधण्यासाठी तिथला गॅसचा दिवा लावतो. वर दिवा लागला की खाली बायकोच्या खोलीतली ज्योत मंदावते. तिला ते दिसतं, पण तिला आधीच पटवलेलं असतं की तुझं डोकं ताळ्यावर नाही.

यात चार गोष्टी हव्यातच : तिला खरोखर जाणवणारी खूण, त्या खुणेमागे खरं भौतिक कारण, नवऱ्याचा ठोस हेतू, आणि हीच खूण पाहणारा तिसरा माणूस. चौथी गोष्ट लोक विसरतात. तो तिसरा माणूस "हो, दिवा मंद झाला" म्हणतो तो क्षण नाटकाचा कणा आहे.

आजच्या घरात दिवा मंद करायला जाऊ नका. चांगला एलईडी बल्ब व्होल्टेज थोडं पडलं तरी तसाच जळतो, आणि वायरमन वाचक हसेल. पंखा वापरा. जुन्या वायरिंगच्या वाड्यात मागच्या खोलीत मोटर किंवा हीटर सुरू झाला की माजघरातल्या पंख्याचा आवाज उतरतो. किंवा पाणी घ्या : टाकीकडून येणारा पाइप एकच असेल तर वरच्या बंद खोलीत कुणी नळ सोडला की खाली शॉवरची धार बारीक होते. नवरा म्हणतो, "वर कोण असणार? टाकीच भरलेली नसेल." मग एक दिवस प्लंबर टाकीत डोकावून सांगतो, "काकू, टाकी तर काठोकाठ आहे."

प्रश्न : शेवटी बायकोचा घरातच मृत्यू होतो. पोलिसांच्या बाबतीत कुठे चुकू शकतं? — एक वाचक, अमरावती

नेहमीची चूक म्हणजे डॉक्टर दाखला देतात आणि संध्याकाळी अंत्यसंस्कार. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना बाईनं आत्महत्या केली किंवा मृत्यू संशयास्पद असला, तर पोलिसांना मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवावाच लागतो, आणि चौकशीत कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बहुधा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार, येतात. पोलीस ठाण्यात पहिली नोंद बहुतेकदा 'अकस्मात मृत्यू' अशी होते, लगेच खून नाही. तुमच्या नायकाला हे माहीत असेल तर तो सात वर्षं पूर्ण व्हायची वाट पाहील. लग्नाचा सातवा वाढदिवस, केक, औक्षण : एवढं भयानक प्रकरण फुकट मिळतं आहे, सोडू नका.

कथेचं साल आधी ठरवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. पाठलागाचं कलम आता ७८ आहे. त्याआधीच्या घटनेला दंड संहितेचं ३५४ ड, आणि तेही २०१३ मध्ये आलं. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि गुन्हा जामीनपात्र. म्हणजे तुमचा पाठलाग करणारा अटक होऊनही लवकरच पुन्हा तिच्या गल्लीत दिसू शकतो. हे कलम पुरुषानं स्त्रीचा केलेला पाठलाग धरतं. वेडी झालेली व्यक्ती बाई असेल तर हवालदाराच्या तोंडी ७८ घालू नका.

प्रश्न : नायिकेचं जुनं आयुष्य लपवायचं आहे. प्लास्टिक सर्जरी, बनावट पासपोर्ट वगैरे पटत नाही. — एक वाचक, बेळगाव

लग्नात तांदळात नाव लिहिलं जातं, तेवढं पुरे. माहेरची सुनंदा सासरी मानसी झाली, आडनाव बदललं, मधलं नाव बापाचं जाऊन नवऱ्याचं आलं. तिन्ही शब्द नवे, तेही सनई-चौघड्याच्या साक्षीनं. जुनं नाव उरतं ते दहावीच्या प्रमाणपत्रावर, एखाद्या पोस्टाच्या पासबुकावर, आणि राजपत्रात नाव बदलाची जाहिरात दिली असेल तर तिथे. नवरा लॉकरची कागदपत्रं लावत असताना त्याला सुनंदाच्या नावाचं एखादं पासबुक सापडू द्या, ज्यात लग्नानंतरही दर महिन्याला पैसे भरलेले आहेत. कोण भरतं, हे पुढच्या प्रकरणात.

प्रश्न : रहस्य कितव्या पानावर फोडावं? — एक वाचक, पणजी

दोनशे पानांची कादंबरी धरली तर पहिला तडा विसाव्या पानाच्या आत, अर्धं सत्य शंभरच्या आसपास, आणि ते अर्धं सत्य चुकीच्या माणसाकडे बोट दाखवणारं. पूर्ण उलगडा एकशे साठच्या सुमारास. उरलेली चाळीस पानं "आता हे कळलेलं असताना याच घरात रात्र कशी काढायची" यासाठी ठेवा. बहुतेक हस्तलिखितं उलगडा एकशे नव्वदाव्या पानावर करतात आणि मग दहा पानं पोलिसांना बोलायला लावतात. तसं झालं असेल तर शेवटची दहा पानं फाडा आणि त्या दोघांना सकाळच्या चहाला समोरासमोर बसवा. दोघांना सगळं ठाऊक आहे, आणि साखर कुणी घातली ते फक्त एकालाच.