मांजरीच्या डोळ्यातला तपकिरी डाग वाढतोय. डॉक्टर डोळा काढायला सांगतात. काढावा का?

तुमची मांजर नऊ वर्षांची, एका डोळ्यातला ठिपका वर्षभरात पसरलेला, ती खाते-खेळते व्यवस्थित. आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या डोळ्यातल्या अशाच डागाला डॉक्टरांनी हातही लावला नाही, म्हणून तुम्ही गोंधळलात. मी पशुवैद्यक आहे. आधी तो गोंधळ दूर करतो.

कुत्र्याच्या बुबुळावरची काळी गाठ बहुतेक वेळा साधी निघते, अंगात क्वचितच पसरते. लहान असली तर लेझरने जाळताही येते. मांजराला तो हिशोब लावू नका. मांजराच्या डोळ्याच्या आत सुरू होणाऱ्या कर्करोगांत मेलानोमा, म्हणजे रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, सगळ्यात जास्त आढळतो आणि तो यकृतात, फुफ्फुसात जाऊ शकतो, कधी कधी डोळा काढल्यावर काही वर्षांनी उघडकीला येतो.

अडचण अशी की वय वाढलं की बऱ्याच मांजरींच्या बुबुळावर निरुपद्रवी सपाट तीळही येतात आणि सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून डाग जाडसर, मखमली झालाय का, बाहुली वेडीवाकडी दिसते का, उजेडात नीट आकसते का, हे बघा. डोळ्याचा दाब मात्र डॉक्टरांनाच यंत्राने मोजावा लागतो. डोळ्यातलं पाणी ज्या वाटेनं बाहेर जातं तिथे कर्करोगाच्या पेशी साचल्या की दाब वाढून काचबिंदू होतो, आणि त्याच वाटेनं त्या रक्तात शिरतात. यातलं काही दिसत असेल तर तुमचे डॉक्टर बरोबर सांगताहेत. थांबू नका.

एका डोळ्यानं मांजर छान जगते, कपाटावर उड्याही मारते. काचबिंदूचा ठणका मात्र ती लपवते, म्हणून 'खाते-खेळते' यावर विसंबू नका. शस्त्रक्रियेआधी रक्त तपासून घ्या, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी करा. काढलेला डोळा फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायला आग्रहानं सांगा. खर्च वाचवायला बरेच जण हे टाळतात, मला ते अजिबात पटत नाही. पेशी कुठवर पोचल्या होत्या हे त्या रिपोर्टशिवाय कळत नाही आणि पुढे किती बारीक लक्ष ठेवायचं हे त्यावरच ठरतं.

डाग अजून सपाट असेल, बाहुली आणि दाब ठीक असतील, तर नेत्रतज्ज्ञ पशुवैद्यकाचं दुसरं मत जरूर घ्या. तोवर दर महिन्याला त्याच खिडकीत, तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा आणि तपासणीला जाताना सगळे सोबत न्या.