वेंगर आऊट म्हणणाऱ्यांपैकी मीही एक होतो

प्रश्न असा आहे की आर्सेन वेंगर हा लंडनच्या आर्सेनल फुटबॉल क्लबचा एवढा मोठा मॅनेजर, म्हणजे कोच, तर मग आर्सेनलच्याच फॅन पोरांनी 'वेंगर आऊट' म्हणत त्याला घालवायला आकाशपाताळ एक काऊन केलं, आणि आता त्याच पोरांच्या डीपीवर त्याचा फोटो कसा काय.

तर भाऊ, मी त्या पोरांमधलाच एक. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे, कापूस तूर सोयाबीनवालं. गावात फुटबॉलचं म्हणाल तर गोलपोस्ट म्हणजे अजूनही दोन दगड, फुटबॉलचं नाव काढलं की लोक कामठी-नागपूरकडे बोट दाखवतात. मी आर्सेनलचा झालो ते अमरावतीला होस्टेलवर, २००३-०४ च्या सीझनला. आता त्या वर्षी टीव्ही लावून जो आर्सेनलचा नाही झाला त्याचंच नशीब फुटकं म्हणायचं. ३८ मॅच, २६ जिंकल्या, १२ ड्रॉ, हार एक नाही. पुढे ते ४९ मॅचपर्यंत गेलं आणि ऑक्टोबर २००४ मधे मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर तुटलं. होस्टेलवर युनायटेडवाला एकच होता, आमच्याच गावचा, त्यानं त्या रात्री एकट्यानं सगळी बिल्डिंग जागी ठेवली. तो अजूनही रोज पानठेल्यावर भेटतो आणि अजूनही ते काढतो.

पहिली दहा वर्षं जास्त लांबवत नाही, त्यावर भांडण नाहीच कोणाचं. १९९६ ला हा माणूस जपानच्या नागोयाहून आला तेव्हा लंडनच्या पेपरानं हेडिंगच दिलं होतं की हा आर्सेन कोण. त्यानं येऊन प्लेयर लोकांचं खाणंपिणं बदललं, चॉकलेट बंद, उकडलेल्या भाज्या सुरू. १९९८ ला इंग्लंडची लीग आणि एफए कप (तिथली नॉकआउट स्पर्धा) दोन्ही, २००२ ला पुन्हा दोन्ही. मला मात्र त्याचा सगळ्यात आवडलेला सौदा अनेल्काचा. पाच लाख पौंडात आणलेला पोरगा रियाल माद्रिदला दोन कोटी पौंडाच्या वर विकला, त्यातून थिएरी ऑन्री आणला आणि नवीन ट्रेनिंग सेंटरलाही त्यातूनच हातभार लागला. आमच्याकडे बैलबाजारात असा एक जरी माणूस असता ना, तालुका श्रीमंत झाला असता.

खरं भांडण आहे २००५ नंतरचं. पोरं म्हणतात नऊ वर्षं एक ट्रॉफी नाही, बुढ्याले कळत नव्हतं. हे मला पटत नाही, तेव्हाही पटत नव्हतं.

आमच्या बाबांनी विहीर खोदली तेव्हा सातबाऱ्यावर बोजा चढला. पुढची कितीतरी वर्षं घरात नवीन काही आलं नाही, उलट चांगली बैलजोडी विकावी लागली, आणि गावातले लोक म्हणत याची शेती आता पहिल्यासारखी नाही राहिली. अरे कशी राहील, बैल गेले ना! आर्सेनलनं हेच केलं. हायबरीचं ३८ हजारांचं जुनं मैदान सोडून ६० हजारांचं नवीन स्टेडियम बांधलं, ३९ कोटी पौंड खर्च, २००६ ला उघडलं. त्यानंतर दर एकदोन वर्षांनी एक बैल बाजारात. ऑन्री गेला, फाब्रेगास गेला, नसरी गेला, आणि २०१२ ला तर व्हॅन पर्सी थेट युनायटेडला विकला, त्यानं तिकडे जाऊन पहिल्याच वर्षी लीग जिंकून दिली (त्या वर्षी मी पानठेल्यावर जाणंच कमी केलं होतं). आणि गंमत पहा, बँकांनी पैसा देताना अट घातली होती की वेंगरनं पाच वर्षं राहायचं सही करून द्यायचं, हे त्यानं स्वतःच नंतर सांगितलं. म्हणजे कर्ज क्लबचं आणि जामीनदार कोच. त्या काळात मोठमोठ्या क्लबांच्या ऑफर त्यानं सोडल्या, आणि एवढं विकून सावरूनही टीम दरवर्षी पहिल्या चारात, सलग वीस सीझन. आम्ही पोरं त्या चौथ्या नंबरची टिंगल करायचो, चौथा आला वाजवा ताशे. पहिल्या चारात असलं की युरोपातल्या मोठ्या क्लबांची चॅम्पियन्स लीग खेळायला भेटायची, पुढे सहा वर्षं ती बघायला नाही भेटली तेव्हा समजलं चौथा नंबर काय असतो ते.

मग तुम्ही म्हणाल एवढं कळत होतं तर तू 'आऊट'वाला कसा. सांगतो.

२०१३ पर्यंत बोजा हलका होत आला होता, ओझिलवर सव्वाचार कोटी पौंड टाकले म्हणजे पैसा आहे हे दिसतच होतं. त्याच उन्हाळ्यात सुआरेझसाठी चार कोटी आणि वर एक पौंड अशी बोली लावली, आहेराच्या पाकिटात वरून एक रुपया टाकतात तशी, लिव्हरपूलनं अर्थातच दिला नाही. तेही चालेल. पण २०१५ च्या उन्हाळ्यात पूर्ण टीम बांधायची संधी असताना फक्त एक गोलकीपर घेतला, पीटर चेक, बाकी पहिल्या टीमसाठी एक प्लेयर नाही. आणि नेमकं त्याच सीझनला सगळे मोठे क्लब झोपले होते. फेब्रुवारीत लेस्टर या छोट्या क्लबला शेवटच्या मिनिटाला हरवलं तेव्हा मी घरात असा ओरडलो की आई उठून आली, तिला वाटलं साप निघाला. शेवटी लेस्टर ८१, आम्ही ७१. दुसरा नंबर आला हो, पण लेस्टरच्या मागे दहा पॉईंटनं. बैल विकून विहीर बांधली ते समजलं, पण विहिरीत पाणी आहे, खिशात पैसा आहे आणि तरी तुम्ही बियाणं आणायला बाजारात जात नाही, याला काय म्हणायचं? त्या दिवसापासून मी आऊटवाला.

त्यानंतरची एक रात्र सांगतो. फेब्रुवारी २०१७, चॅम्पियन्स लीगमधे जर्मनीच्या बायर्न म्युनिकशी मॅच. शेतात लाईन रात्रीची होती म्हणून मी गव्हाला पाणी द्यायला गेलो होतो आणि तो युनायटेडवाला दोस्त सोबतीला आला होता, म्हणजे आला होता मजा पाहायला. जिओचं फुकटचं नेट होतं तेव्हा, मोबाईल मोटरीच्या पेटीवर टेकवून ठेवला. हाफटाईमला १-१. मी म्हटलं आज आपण टिकतो, दांड बदलून येतो. चिखलात पाय फसत गेलो, दोन वाफे भरले, परत आलो तर ४-१. दोस्त काहीच बोलला नाही. शेवटी ५-१ झालं, पुढच्या महिन्यात घरच्या मैदानावर पुन्हा ५-१. टोटल १०-२. त्याच मार्चमधे वेस्ट ब्रॉमच्या मॅचला तर स्टेडियमवरून विमानं फिरली, एकाच्या मागे बॅनर की वेंगरला नवीन काँट्रॅक्ट नको, आणि दुसऱ्याच्या मागे बॅनर की आमचा वेंगरवर भरोसा आहे. एकाच क्लबचे लोक विमान भाड्यानं घेऊन आभाळात भांडून राहिले! आम्ही तर एसटीच्या सीटवरून भांडतो.

माझं मत विचाराल तर त्याची जायची वेळ २७ मे २०१७ होती. वेम्बलीवर चेल्सीला, लीग चॅम्पियनला, २-१ हरवून त्याचा सातवा एफए कप. एवढे कप दुसऱ्या कोणत्याच मॅनेजरचे नाहीत. त्याच संध्याकाळी हात हलवून निघून गेला असता तर आज तुम्ही हा प्रश्नच विचारला नसता. पण चार दिवसांनी दोन वर्षांचं नवीन काँट्रॅक्ट. चूक एकट्याची नाही, क्लबमधे त्याला समोर बसवून सांगणारं कोणी उरलंच नव्हतं, मालक अमेरिकेत. पण सही त्याची होती.

आता मुद्द्याचं. लोक म्हणतात आम्ही शिव्या देऊन त्याला घालवलं. खोटं आहे ते. शिव्या २०१७ ला होत्या, विमानं २०१७ ला होती, आणि तेव्हा त्याला काँट्रॅक्ट भेटलं. तो गेला २०१८ ला, जेव्हा शिव्या बंद झाल्या. त्या हिवाळ्यात टीव्हीवर पाहा, लालच लाल रिकाम्या खुर्च्या दिसतात, तिकिटाचे पैसे भरलेले लोक सुद्धा येईनासे झाले. इकडे माझंही तेच. पूर्वी सव्वा वाजताचा अलार्म लावून उठणारा मी, आता सकाळी चहा पिताना स्कोर पाहायचो. लीगमधे जानेवारीपासून बाहेरच्या मैदानावर एक पॉईंट नव्हता, आणि दोस्तानं चिडवलं तरी मी चिडत नव्हतो. एक दिवस तोच म्हणाला, "काय बे, भांडत काऊन नाही तू आता?" मालकाला बॅनर दिसत नाही, रिकामी खुर्ची दिसते. २० एप्रिलला तो जाणार हे जाहीर झालं, काँट्रॅक्टचं एक वर्ष बाकी असताना. ही वेळ आपण ठरवलेली नाही हे वेंगरनंही सांगितलं.

म्हणून डीपीवर फोटो ठेवणारे ढोंगी आहेत असं मला नाही वाटत. त्याला जायला सांगणं बरोबर होतं आणि त्याला मोठा म्हणणंही बरोबर आहे, आम्हाला फक्त दोन्ही एका वेळी बोलता येत नव्हतं. बर्नलीविरुद्ध घरची शेवटची मॅच ५-० जिंकली, त्या न हरलेल्या सीझनची सोनेरी ट्रॉफी त्यालाच देऊन टाकली. नंतर आलेला मॅनेजर एमरी दीड वर्षात गेला. आणि २०२० ला ज्यानं एफए कप परत आणला तो मॅनेजर आर्टेटा कोण, तर वेंगरचाच जुना कॅप्टन.

नोव्हेंबर २०२३ मधे वेंगर भारतात आला होता, फिफाच्या कामावर, भुवनेश्वरला पोरांच्या अकादमीचं उद्घाटन होतं आणि त्याच दिवशी भारत-कतार मॅच. आम्ही दोघांनी जायचं ठरवलं होतं, हो, तो युनायटेडवालाही. पण ऐन वेचाईचे दिवस, बाया मिळत नव्हत्या, वरून पावसाचा अंदाज, कापूस झाडावर सोडून कोण जाते. पानठेल्यावरच मोबाईलवर मॅच पाहिली, ०-३ हरलो. कॅमेरा स्टँडमधे फिरला की दोस्त स्क्रीनला नाक लावून पाहायचा. म्हटलं तुला काय करायचंय. म्हणे, "पाहू दे ना बे, आपला बुढा दिसते का ते."